वाचून दाखविले, बरोबर आहे

१

माझं वाचन चांगलं आहे, हे मी म्हणत नाही, भोरमधली माणसं म्हणतात. छत्तीस वर्षं मी कचेरीबाहेर चिंचेखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि जबाब टाइप केले. लिहिता न येणारी माणसं बोलायची, मी ते कागदावर उतरवायचो, खाली त्यांचा अंगठा घ्यायचो. आता टाइपरायटर घरात आतल्या खोलीत झाकून ठेवलाय आणि मी दर रविवारी दुपारी चार वाजता गूढकथा वाचतो.

ऐकणारे तिघं. माझी बायको मालिनी, जनावरांचे डॉक्टर म्हणून रिटायर झालेले इंद्रजितराव आणि कॉलेजात मराठी शिकवणारी मैथिली. मैथिली जुन्या दिवाळी अंकांतून गोष्टी हुडकते, एसटी स्टँडसमोरून चार झेरॉक्स आणते. एकदा तिनं स्वतः वाचून बघितलं होतं. भूत दारात आलं तरी बाई हजेरी घेतल्यासारखी वाचत होती. तेव्हा मीच म्हटलं, राहू दे पोरी, आण इकडे.

आमचा एक नियम आहे. शेवटचं पान राहिलं की थांबायचं. प्रत्येकानं आपापला शेवट सांगायचा, त्यावर भांडायचं, चहा घ्यायचा आणि मगच खरा शेवट वाचायचा. इंद्रजितरावांचा शेवट नेहमी चुकतो आणि ते लेखकालाच मूर्ख ठरवतात.

त्या रविवारी घाटातल्या डाकबंगल्याची गोष्ट होती. पाहुणा एकटा, पण खानसामा रोज दोन ताटं वाढतो. गोष्ट संपली, मंडळी उठली, मी कागद गोळा करायला लागलो. माझ्या प्रतीच्या शेवटच्या ओळीखाली जांभळा अंगठा उठलेला होता.

मला वाटलं, झेरॉक्सवाल्याचा हात लागला असेल. बोट फिरवलं तर शाई बोटाला आली. स्टँपपॅडची शाई लगेच वाळते, हे मला कुणी शिकवायला नको. हजारो अंगठे मी स्वतः धरून कागदावर टेकवलेत. हा आत्ताच, गोष्ट चालू असताना उठलेला होता. मी हात धुतला आणि मालिनीला काही बोललो नाही.

२

पुढच्या रविवारी मी वाचायच्या आधी चारही प्रती उलटसुलट करून बघितल्या. कोऱ्या होत्या. वाचन झालं, शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी खाली बघितलं. अंगठा होता. फक्त माझ्याच प्रतीवर.

तिसऱ्या रविवारी माझा घसा बसला होता. शेवटचा परिच्छेद मी खाऊन टाकला, आपलं तोंडी सांगून मोकळा झालो. त्या दिवशी कागद कोराच राहिला. पण आतल्या खोलीत कुणीतरी भरलेला हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला. रिकामा हंडा ठेवला की वाजतो. भरलेला वाजत नाही, जमिनीवर बसतो. तो बसल्याचा आवाज होता.

"मांजर असेल," मालिनी म्हणाली. मांजरानं काय हंडा भरून आणला होता? आमच्या घरात हंडा राहिलेलाच नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर मालिनीनं मोडीत काढला. मी आत जाऊन बघितलं. टाइपरायटरच्या टेबलाशेजारी फरशीवर पाण्याचं गोल वळं होतं, बुडाएवढं. वर छत कोरडं, नळ तिकडे नाही. मी पायानंच फडकं फिरवलं आणि बाहेर येऊन बसलो.

बाहेर वाद रंगला होता. भूत येतं कशाला, असा मैथिलीचा प्रश्न. इंद्रजितरावांनी खाकरून सांगितलं, "भुताला एकच गोष्ट पाहिजे असते. ती कोणती, हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याच्याच घरी ते येतं." मालिनी हसली. मी उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

३

मंगळवारी बाजार होता. दुपारी बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेला एक गडी, खांद्यावर घोंगडी, हातात चपला. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवरून आलोय म्हणाला, दोन शेरडं विकायला. नाव नाथा.

"कमळाबाईचा ल्योक," तो म्हणाला.

मला नाव आठवायला वेळ लागला नाही. लागायला पाहिजे होता. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला.

त्याची बहीण साधना. तिला त्याच डोंगरातल्या रोहिदासच्या मुलाला दिली होती. लग्नाला दीड वर्ष झालं आणि ती कड्याखालच्या विहिरीत सापडली. तिची आई कमळाबाई मला जबाब टाइप करून घ्यायला आली. दुपारभर बोलली. रडली नाही, अगदी धीरानं एकेक सांगितलं. सासरा आणि नवरा मारायचे. आदल्या सोमवारी पोरगी माहेरी येऊन पाठ दाखवून गेली होती. आणि ती गेली त्या दिवशी घरातले तिन्ही हंडे काठोकाठ भरलेले होते, ते हिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. घरात भरलेले हंडे असताना पोरगी विहिरीवर कशाला जाईल, एवढं एकच ती परत परत म्हणत होती.

मी मान डोलवत होतो आणि दुसरंच टाइप करत होतो. सकाळीच रोहिदास येऊन गेला होता. दूध संस्थेचा चेअरमन होता तो, चिंचेखालची जागा मला त्याच्याच शब्दावर मिळालेली. तो एवढंच म्हणाला, बाई येईल, लिहून दे, पण नीट लिही. नीट म्हणजे काय, ते मला कळलं. मी लिहिलं, माझ्या मुलीचे डोके लग्नाआधीपासून फिरलेले होते, ती आपण होऊन पाण्यात गेली, माझा कोणावर संशय नाही. खाली आमचा ठरलेला शेवट: वाचून दाखविले, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.

कमळाबाईनं अंगठा पुढे केला. मग मागे घेतला. म्हणाली, "दादा, येकदा वाचून दावा की."

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "बाई, तुमची एसटी चुकेल."

मग तिचा अंगठा मीच धरला आणि दोन्ही प्रतींवर टेकवला.

हे सगळं नाथाला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की त्याच्या मुलीचं, आरतीचं, वरवे बुद्रुकला जमलेलं लग्न मोडायला आलंय. रोहिदासच्या घरच्यांनी त्या पाहुण्यांना तो जुना कागद नेऊन दाखवला होता. "पाव्हणं म्हनत्यात, तुमच्या घरात येड हाय, आत्या येडी हुती, तिच्या आईनंच लिवून दिलंय. आई मरंस्तवर म्हनायची, म्या आसं सांगितलंच न्हाई. काका, तुमी निस्तं येऊन पाव्हण्यांना खरं काय ते सांगा. न्हाईतर नक्कल आसली तर द्या."

आई कधी गेली, मी विचारलं. त्यानं दिवस सांगितला. मी मनात मोजलं. डाकबंगल्याची गोष्ट वाचली त्याच्या आदल्या दिवशी.

आता खरं सांगायचं म्हणजे काय करायचं होतं मी? वरव्याला जाऊन चारचौघांत म्हणायचं की मी जबाब फिरवला? भोरमध्ये मला लोक श्रीपादराव म्हणतात. मालिनी मला देवमाणूस समजते, निदान माहेरी तसं सांगते. मी म्हटलं, "नाथा, इतकी जुनी नक्कल कोण ठेवतं? मला काही आठवतही नाही."

त्यानं घोंगडी खांद्यावर सारखी केली. मग चपला हातात घेऊनच जिना उतरला.

४

नक्कल होती. माझ्याकडे सगळ्या नकला आहेत, लोखंडी पेटीत, वर्षवार बांधलेल्या. मी माणूस कसाही असलो तरी कामात गबाळा नाही. नाथा गेल्यावर मी दार लावून पेटी उघडली.

कागद सापडला. पिवळा पडलेला, अक्षरं शाबूत, माझ्या मशीनचा 'र' नेहमीप्रमाणे ओळीच्या वर उडालेला. तळाशी "कमळाबाई हिची निशाणी, डावा अंगठा" असं स्पष्ट टाइप केलेलं. आणि अंगठा नाही. पुसलेला नव्हता. पुसल्यावर डाग राहतो, कागद खरवडतो. हा कागद तिथे नवा होता. जणू बाईनं अंगठा कधी दिलाच नव्हता.

मी स्वतःला समजावलं. शाई उडते. दमट हवा आहे, पेटी पावसाळ्यात भिजली असेल. बाकीच्या नकला काढून बघितल्या. सगळ्यांचे अंगठे जागच्या जागी होते.

त्या रविवारी वाचन झालं आणि अंगठा उठला. पण तो आधीसारखा नव्हता. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती. असा अंगठा मी ओळखतो. लहानपणी अडकित्त्यात सापडून माझ्या डाव्या अंगठ्यावर अशीच आडवी खूण राहिली होती.

राहिली होती, असंच म्हणावं लागेल. मी खिडकीशी जाऊन हात उजेडात धरला. खूण नव्हती. खूण सोडा, एकही रेषा नव्हती. अंगठ्याचं टोक सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत होतं.

मोबाईल मी डाव्या अंगठ्यानं उघडतो. तो उघडेना. दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला, मशीननं नाही म्हटलं. तीनदा पुसून ठेवला, तीनदा नाही म्हटलं. दुकानदार मला ओळखतो, तरी म्हणाला, काका, मशीनला तुम्ही दिसत नाही, काकूंना पाठवा. इंद्रजितरावांना मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, वयानं झिजतात रेषा, आमच्या आईचाही अंगठा लागत नव्हता. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना भजी खायला घातली. खूण कशी झिजेल, हे मात्र मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर काय करणार होतो?

घरात आता दिवसातून दोनदा तो आवाज यायला लागला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. हंडा बसायचा. मी जायचो, वळं पुसायचो. पुढे पुढे दोन वळी असायची, मग तीन.

५

कमळाबाईला काय पाहिजे, ते मला ठाऊक होतं. तिला तो कागद वाचून पाहिजे होता. माणसांसमोर, शेवटच्या ओळीपर्यंत. इतके रविवार ती माझं वाचन ऐकत बसली होती आणि पुरतं वाचून झालं की अंगठा देत होती. वाचून दाखवण्याची रीत मला ती शिकवत होती, मला, या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला. भीतीपेक्षा मला त्याचा रागच जास्त आला.

म्हणून मी ठरवलं की एकदा वाचून टाकू. पण माझ्या पद्धतीनं. नाव-गाव काढून टाकू, गोष्ट म्हणून वाचू. तिचं समाधान होईल आणि माझं नाव शाबूत राहील. अर्ज लिहिणारा माणूस आहे मी. दोन्हीकडून बरोबर वाटेल असं लिहिणं, हेच आयुष्यभर केलं.

रविवारी मैथिलीला सांगितलं, आजची गोष्ट माझ्याकडची आहे, जुनी, लेखक अज्ञात. हातात तो पिवळा कागद धरला आणि वाचतोय असं दाखवून कमळाबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पाठीवरचे वळ सांगितले. तीन भरलेले हंडे सांगितले. आई तालुक्याला जाते आणि लिहिणाऱ्यासमोर बसते, इथे येऊन थांबलो. नियमच आहे.

इंद्रजितराव या वेळी चुकले नाहीत. म्हणाले, "पोरीला मारून टाकली. डोंगरात मी तीस वर्षं फिरलोय. घरात पाणी असताना कुणी विहिरीवर जात नाही, कड्याच्या वाटेनं तर नाहीच."

मैथिली म्हणाली, आई न्याय मिळवणार. तिला सगळीकडे न्याय दिसतो, अजून नोकरीत नवी आहे.

 मालिनीची नजर माझ्या हातातल्या कागदावर होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहिणाऱ्यानं ते लिहिलंच नसणार."

चहा कुणी केला नाही. मला तिथेच खरं बोलता आलं असतं. तिघंच होते, तिघंही माझी माणसं. पुढे कितीदा तरी मी त्या क्षणाशी परत गेलोय. पण माझी जीभ सरावलेली. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, लिहिणाऱ्यानं आईचा शब्द न् शब्द उतरवला. तिला वाचून दाखवला. तिनं समाधानानं अंगठा दिला आणि ती एसटीनं घरी गेली. आणि आवाज जरा चढवून शेवट केला, "वाचून दाखविले, बरोबर आहे."

आतल्या खोलीत हंडा आडवा झाला. भरलेला. पाणी फरशीवरून धावत आल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, कारण मैथिलीनं पाय वर घेतले. पण उंबऱ्यातून एक थेंब बाहेर आला नाही.

दार अर्धवट उघडं होतं. खिडकीचा पडदा ओढलेला, म्हणून आत अंधार. टाइपरायटरच्या टेबलावर माझा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. पंधरा दिवस अंगठ्यानं न उघडणारा मोबाईल. तो उजळला आणि उघडला.

त्या उजेडात मला एक अंगठा दिसला. मोबाईलच्या काचेवर टेकवलेला. हात बाईचा होता, हिरव्या बांगड्यांचा, पाण्यात बरेच दिवस राहिल्यासारखा फुगलेला. अंगठा तेवढा बाईचा नव्हता. त्याच्यावर मधोमध आडवी पांढरी खूण होती.

कमळाबाई विधवा होती. माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. हिरव्या बांगड्या असतील तर तिच्या पोरीच्या. हे मला जरा वेळानं सुचलं आणि मग मी मालिनीला दिवा लाव म्हटलं. दिवा लागल्यावर आत कुणी नव्हतं, फरशी कोरडी होती. मालिनीनं माझ्या हातातून कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, घडी केली आणि परत दिला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

६

परवा मंगळवारी नाथा पुन्हा आला. या वेळी चपला दाराशी काढून आत आला आणि माझ्या पाया पडला. मी मागे सरकलो. मालिनी समोर वाटाणे सोलत होती, तिनं मान वर केली.

"काका, तुमी टपालानं धाडल्याला कागद पोचला. पाव्हण्यांनी वाचला. सगळ्यांच्या म्होरं आरतीनंच वाचून दावला. लगीन ठरलं." त्याचे डोळे भरून आले. "आईला आज बरं वाटलं आसतं."

मी काहीही धाडलेलं नव्हतं. म्हटलं, बघू दे.

त्यानं बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेला कागद काढला. माझ्याच मशीनवर टाइप केलेला होता. 'र' ओळीच्या वर उडालेला. मी श्रीपाद, राहणार भोर, लिहून देतो की, अशी सुरुवात. मग सगळं होतं, रोहिदास, चिंच, एसटी, सगळं. एक शब्द खोटा नव्हता. पानाच्या तळाशी जांभळा अंगठा आणि अंगठ्यावर आडवी रेघ.

खरं सांगतो, माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. संपलं एकदाचं, असं वाटलं. पोरीचं लग्न जमलं, नाव गेलं ते गेलं. मी कागद परत द्यायला लागलो आणि बोटांना कळलं की ती दोन पानं आहेत.

मी पान उलटायच्या आत नाथानं कागद माझ्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, हळूच घेतला.

"दुसऱ्या पानावर काय आहे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. बघण्यात राग नव्हता. नवल होतं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? खाली अंगठा तर तुमचाच हाय."

"नाथा, वाचून दाखव."

त्यानं पानं पिशवीत घातली, पिशवीची घडी केली, बंडीत ठेवली. मालिनीकडे बघून जातो वैनी म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एसटी चुकंल माझी," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मी त्याच्यामागे जायला उठलो. मालिनी वाटाणे सोलत होती. तिचे दोन्ही हात माझ्या समोर होते. आतल्या खोलीत टाइपरायटरवरचं झाकण निघालं आणि कुणीतरी नवा कागद चढवला.